‘पेमेंट केलंय, स्क्रीनशॉट बघा’: जुनं सामान ऑनलाइन विकताना पैसे घेण्याच्या मार्गांचं परीक्षण

अकरा महिन्यांचा करार संपत आला की मुंबईतल्या भाड्याच्या घरांमधून फ्रीज, गादी, वॉशिंग मशीन, अभ्यासाचं टेबल यांचे फोटो जाहिरातींच्या साइटवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला लागतात. फोटो कसे काढावेत, भाव किती सांगावा, घासाघीस कुठे थांबवावी यावर सल्ला भरपूर मिळतो. पैसे कोणत्या मार्गाने घ्यायचे, यावर बोलणं ‘जीपे कर’च्या पुढे जात नाही. फसवणूक होते ती नेमकी तिथेच. म्हणून यूपीआय, रोख, बँक ट्रान्सफर, चेक, कॅश ऑन डिलिव्हरी आणि कार्डाची पेमेंट लिंक हे सहा मार्ग इथे विकणाऱ्याच्या बाजूने तपासले आहेत.

कसोटीला तीन प्रश्न लावले. वस्तू दाराबाहेर जाण्याआधी पैसे माझ्या खात्यात मला दिसतात का? आलेले पैसे नंतर परत जाऊ शकतात का? आणि पैसे पाठवणारा समोर उभा आहे तोच माणूस आहे का? पहिला प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, दुसरा थोडे. तिसरा जवळपास कुणीच विचारत नाही, आणि महिनोन्‌महिने खेटे घालायला लावतो तो हाच.

यूपीआय: ५ पैकी ४

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणलं. आज भाजीवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तेच वापरतात, त्यामुळे जुन्या वस्तूच्या सौद्यातही पहिला पर्याय तोच असतो. आमच्या मते २०-२५ हजारांपर्यंतच्या वस्तूसाठी, खरेदीदार समोर उभा असताना, यासारखा मार्ग नाही. पैसे काही सेकंदांत येतात, विकणाऱ्याला एक पैसा द्यावा लागत नाही, आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात टाकलेली रक्कम पाठवणाऱ्याला नुसतं बटण दाबून मागे घेता येत नाही. एक गुण कापला तो यूपीआयच्या यंत्रणेत खोट आहे म्हणून नव्हे. लोक ती तपासतात कशी, यासाठी कापला.

तपासण्याची पद्धत एकच आहे. खरेदीदाराचा फोन बघायचा नाही. त्याच्या स्क्रीनवरची हिरवी टिक, ‘यशस्वी’ अशी अक्षरं, टुंग असा आवाज, यातलं काहीही खोट्या ॲपमधून काढता येतं. अशी नकली ॲप हुबेहूब खऱ्यासारखी दिसतात, त्यात तुमचं नाव आणि रक्कम टाकली की पावती तयार होते. तुम्ही तुमच्या फोनवर तुमच्या बँकेचं ॲप उघडा, खात्यातले शेवटचे व्यवहार काढा, आणि सगळ्यात वरच्या नोंदीत तीन गोष्टी पाहा: रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक खरेदीदाराच्या ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलातही असतो. दोन्ही जुळले की सौदा झाला. नुसता बॅलन्स बघायचा असेल तर एका यूपीआय ॲपवरून दिवसाला ५० वेळाच तो तपासता येतो, अशी मर्यादा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे. एका फ्रीजच्या विक्रीसाठी ५० वेळा पुष्कळ झाल्या. तरी बॅलन्सपेक्षा नोंद बघणं चांगलं, कारण त्याच वेळी दुसरीकडून पैसे आले असतील तर बॅलन्सवरून घोटाळा होतो.

एसएमएसवर विसंबू नका. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून कधीच येत नाही, तो इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो आणि हल्ली त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर असतं: व्यवहाराच्या संदेशाला टी, सेवेच्या संदेशाला एस, जाहिरातीला पी. ‘तुमच्या खात्यात १५,००० रुपये जमा’ असा संदेश साध्या मोबाइल नंबरवरून आला, तर तो पलीकडच्या माणसाने स्वतःच्या हाताने टाइप केलेला असतो.

यातूनच ‘चुकून जास्त गेले’ हा प्रकार घडतो. वस्तू १,५०० रुपयांची. खरेदीदार फोनवर सांगतो की एक शून्य जास्त पडलं, १५,००० गेले, दवाखान्यात आहे, १३,५०० लगेच परत टाका. सोबत तो खोटा एसएमएस असतोच. विकणारा भला माणूस, दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे नकोत म्हणून घाईने परत पाठवतो. खात्यात मुळात काही आलेलंच नसतं. अशा वेळी बँकेचं ॲप उघडून नोंद बघायला अर्धा मिनिट लागतो. खरोखर जास्त रक्कम आली असेल, तरीही नव्या नंबरवर किंवा दिलेल्या दुसऱ्या यूपीआय आयडीवर परत करायची नाही. खरेदीदाराने आपल्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करावी. तुमच्या बँकेकडून विचारणा झाली की संमती द्या, पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील.

आता क्यूआर कोड. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. स्कॅन करणारा पैसे देतो, ज्याचा कोड आहे तो घेतो. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी लोक फसतात, कारण फसवणारा आधी बोलण्यात गुंतवतो. सोफा न बघताच ‘घेतला’ म्हणतो, भाव करत नाही, आपली लष्कराच्या कॅम्पात किंवा विमानतळावर ड्यूटी असल्याचं सांगतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. मग ‘आमच्या खात्याची पेमेंटची पद्धत वेगळी आहे’ म्हणून एक कोड येतो. आधी पाच रुपये खरंच टाकून दाखवतो, म्हणजे विश्वास बसतो. दुसऱ्या कोडला तुमच्या स्क्रीनवर वर त्याचं नाव, खाली रक्कम आणि मग पिनचे चार किंवा सहा गोल दिसतात. त्या गोलांपाशी थांबा. पिन मागितला जातोय, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून निघतायत, मग वर काहीही लिहिलेलं असो. बघितल्याशिवाय आणि भाव केल्याशिवाय जुना सोफा घेणारा गिऱ्हाईक मुंबईत भेटत नाही, हेही लक्षात असू द्या.

पैसे मागण्याची विनंती पाठवून फसवण्याचा जुना प्रकार बराच आटोक्यात आला आहे. व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पण क्यूआर कोड आणि ऑटोपेची (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची) संमती ही दोन दारं उघडी आहेत. ‘डिलिव्हरीचं ॲप’ म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) पाठवणं, किंवा ‘पेमेंट अडकलंय, स्क्रीन शेअर करा, मी दाखवतो’ असं व्हिडिओ कॉलवर सांगणं, हेही सर्रास चालतं. स्क्रीन शेअर केली की तुमचे ओटीपी पलीकडच्याला वाचता येतात. एपीके इन्स्टॉल करून ती मागेल ती परवानगी दिली, तर तुमचे एसएमएस त्याच्या हाती जातात.

खरा खरेदीदार असूनही यूपीआय अडकतं, त्याची कारणं माहीत असलेली बरी, नाहीतर उगाच संशय आणि दारात वाद. एका दिवसाची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये आहे, काही बँकांनी त्याहून कमी ठेवली आहे. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर जात नाहीत. तुमच्याकडून जुना फोन घेणारा कधीकधी नुकताच सिम बदलून आलेला असतो, हे त्याच्या ध्यानात नसतं. तिसरं कारण म्हणजे बँकेचा सर्व्हर. त्याच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर नोंद ‘प्रलंबित’ राहते. अशा वेळी वस्तू द्यायची नाही आणि त्याला दुसऱ्यांदा पैसे भरायलाही लावायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी अडकलेली रक्कम व्यवहारानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवी, उशीर झाला तर बँकेने खातेदाराला रोज १०० रुपये द्यायचे असतात. हे सांगितलं की खरेदीदाराचा जीव भांड्यात पडतो. टेम्पो रिकामा परत गेला तरी चालेल, पैसे दुसऱ्या दिवशी येऊ द्या.

एक छोटी व्यवस्था आधीच करून ठेवावी. पगाराच्या खात्याचा यूपीआय आयडी अनोळखी माणसाला देऊ नका. दुसरं बचत खातं असेल तर विक्रीचे पैसे त्यात घ्या, आणि आयडीत मोबाइल नंबर नसेल असा बनवा, बहुतेक ॲपमध्ये ती सोय आहे. हे वेगळं खातं का हवं, ते पुढच्या भागात कळेल.

तिसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे

समजा, ३८,००० चा लॅपटॉप आहे. दारात आलेला माणूस म्हणतो, ‘माझी लिमिट संपली, मित्र टाकतोय.’ दोन मिनिटांत पैसे येतात, खरे येतात, बँकेच्या नोंदीत दिसतात. लॅपटॉप जातो. आठवड्याभराने एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँकेत विचारलं तर सांगतात की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून कळवलंय, तुमच्या खात्यावर ३८,००० ची रक्कम रोखून ठेवली आहे. काही वेळा संपूर्ण खातंच गोठवलेलं असतं.

हे घडतं कसं ते समजून घेतलं पाहिजे. ज्याला ‘मित्र’ म्हटलं, तो कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीचा बळी असू शकतो. त्याला गुंतवणुकीचं किंवा पार्सलचं आमिष दाखवून तुमचा यूपीआय आयडी दिलेला असतो. त्याचे पैसे तुमच्याकडे, तुमचा लॅपटॉप भामट्याकडे. बळीने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले ती साखळी बँका शोधतात, आणि त्या साखळीत पहिलंच खातं तुमचं निघतं. पोलिसांना मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये तो दिला आहे. तुम्ही प्रामाणिक विक्रेते आहात हे पोलिसांना तिथे बसून माहीत असण्याचं कारण नाही. ते तुम्हालाच कागदोपत्री दाखवावं लागतं.

मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, सोन्याचं नाणं अशा लगेच पुन्हा विकता येणाऱ्या वस्तूंना हा धोका सगळ्यात जास्त. जुन्या गादीसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही.

म्हणून नियम कडक ठेवा. पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचं नाव आणि दारातल्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. बायकोच्या किंवा वडिलांच्या खात्यातून देतो म्हणाला, तर ती व्यक्ती फोनवर बोलू दे, आणि पावतीवर तसं लिहा. ‘मित्र टाकतोय’ला साफ नाही म्हणा, रोख द्यायला सांगा. खऱ्या गिऱ्हाइकाला यात राग येण्यासारखं काही नाही.

पावती साध्या कागदावर चालते, पण त्यावर हे सगळं हवं: तारीख आणि वेळ, वस्तूचं नाव, कंपनी आणि मॉडेल, सिरियल नंबर (फोन असेल तर दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, *#०६# दाबलं की दिसतात), ठरलेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात, पैसे कसे आले, यूपीआयचा बारा आकडी क्रमांक, ज्याच्या खात्यातून आले त्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. खाली एक ओळ: ‘वस्तू तपासून, चालू स्थितीत घेतली.’ दोन प्रती करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि वस्तूचं मूळ बिल यांच्यासोबत ही पावती निदान वर्षभर जपा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत त्या माणसाची नोंद होऊ द्या, तोही पुरावाच आहे.

खातं अडकलंच तर बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणतं पोलीस ठाणं, किती रक्कम रोखली. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने पावती, चॅट, बिल, खात्याचा उतारा पाठवा आणि पूर्ण खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम रोखावी, अशी विनंती करा. ‘पैसे द्या, खातं सोडवून देतो’ म्हणणारे एजंट याच वेळी फोन करतात, त्यांना थारा देऊ नका. पगाराचं खातं वेगळं ठेवायला सांगितलं ते यासाठी: घराचा हप्ता आणि शाळेची फी या भानगडीत अडकत नाही.

रोख: ५ पैकी ४

तिसऱ्या प्रश्नावर रोख सगळ्यात सरस. कुणाच्या खात्याशी संबंध नाही, सर्व्हर नाही. दहा-पंधरा हजारांच्या वस्तूला रोख उत्तम. धोके दोन: खोटी नोट आणि नोटा घेऊन घरी जाण्याचा प्रवास.

५०० ची नोट तपासायला यंत्र लागत नाही. नोट तिरकी केली की मधल्या सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. धाग्यावर ‘भारत’ अशी अक्षरं असतात. उजेडासमोर धरली की पांढऱ्या मोकळ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा जलचिन्हात उमटतो. डाव्या-उजव्या कडांना पाच पाच तिरक्या रेघा असतात, अंगठा फिरवला की बोटाला खडबडीत लागतात. झेरॉक्सला हा खडबडीतपणा येत नाही. वीस हजार म्हणजे ५०० च्या ४० नोटा, प्रत्येकीचा धागा बघायला तीन-चार मिनिटं पुरे. जिन्यातल्या अंधारात किंवा पावसात छत्री सांभाळत मोजू नका. घरातल्या दिव्याखाली, खरेदीदारासमोर, दोनदा मोजा. एकदा तुम्ही, एकदा घरातलं दुसरं कुणी.

खोटी नोट नंतर बँकेत सापडली तर तिचा मोबदला मिळत नाही. बँक ती जप्त करते, शिक्का मारते, पावती देते. एका भरण्यात अशा पाच किंवा अधिक नोटा निघाल्या तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो, आणि मग तुमचे जबाब सुरू होतात.

रक्कम मोठी असेल तर सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या बँकेची शाखा, जिथे पैसे भरण्याचं मशीन आहे. कामाच्या दिवशी खरेदीदाराला तिथे बोलवा. तुमच्या खात्यात त्याच्यासमोर नोटा भरा. मशीन संशयास्पद आणि फाटकी नोट बाहेर टाकतं, ती लगेच बदलून घेता येते. पावती निघाली की फोन किंवा लॅपटॉप त्याच्या हातात द्या. शाखेत कॅमेरे असतात, नोटांची पिशवी घेऊन लोकलमध्ये चढायची वेळ येत नाही. दादर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर इंडिकेटरखाली भेटून नोटा मोजण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. स्टेशनवर गर्दीमुळे नेटवर्कही धड नसतं, त्यामुळे तिथे यूपीआयचीही खात्री करता येत नाही.

एक कायदेशीर मर्यादा पाळलीच पाहिजे. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आयकर कायद्यात हा नियम १ एप्रिल २०१७ पासून आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतकाच. दोन हप्त्यांत घेतली म्हणून सुटका होत नाही, व्यवहार एकच धरला जातो. जुनी गाडी किंवा दागिने विकताना हे हमखास विसरतात.

बँक ट्रान्सफर: मोठ्या रकमेला पहिला नंबर

५० हजारांच्या वरची वस्तू असेल तर आमची शिफारस आयएमपीएस, म्हणजे बँकेच्या ॲपवरून थेट खात्यात लगेच पैसे पाठवण्याची सोय. दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही लगेच जमा, एका व्यवहाराला ५ लाखांपर्यंत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, पण ते दर अर्ध्या तासाच्या फेरीने चालतं. ‘एनईएफटी केलंय’ म्हटल्यावर पैसे यायला अर्धा-पाऊण तास लागला तर तो बहाणा असेलच असं नाही. चहा टाका आणि थांबा, वस्तू मात्र उचलू देऊ नका. आरटीजीएस २ लाखांपासून वरच्या रकमेला.

गोम वेगळीच आहे. अनेक बँका नवीन जोडलेल्या लाभार्थ्याला पहिले काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. खरेदीदार दारात येऊन तुमचं खातं जोडतो आणि मग दोघेही घड्याळ बघत बसता. म्हणून खाते क्रमांक आणि आयएफएससी आदल्या दिवशी द्या, लाभार्थी जोडून १ रुपया पाठवायला सांगा. तुमच्या खात्यात तो रुपया आला की त्याच्या खात्यावरचं नावही तुम्हाला कळलं. ओळखपत्र मागवून ते नाव आदल्या दिवशीच जुळवता येतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी दिल्याने कुणी पैसे काढू शकत नाही. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी मात्र पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाहीत.

चेक

अनोळखी माणसाकडून घेऊ नका. चेक वटेपर्यंत पैसे आलेले नसतात, आणि खात्यात ‘जमा’ दिसणारी रक्कम कधीकधी वटायची बाकी असलेली असते. खरेदीदार तुमच्या खात्यात चेक भरून स्लिपचा फोटो पाठवतो, ‘शिल्लक’मध्ये आकडा दिसतो, पण ‘काढता येण्याजोगी शिल्लक’ वेगळी असते. बघायची ती दुसरी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून १० ते ४ या वेळेत आलेले चेक त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत निकाली निघण्याची व्यवस्था आली आहे, त्यामुळे पूर्वीइतकी वाट बघावी लागत नाही. तरी चेक परत आला की पुढचा रस्ता लांबचा: कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवसांची मुदत, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार. १२,००० च्या कपाटासाठी वकिलाची फी परवडत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी आणि पेमेंट लिंक

हे दोन मार्ग घरून साड्या, दिवाळीचा फराळ, हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्यांसाठी. एखाददुसरी जुनी वस्तू विकणाऱ्याला यांची गरज नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे कुरिअर कंपनी गोळा करते आणि काही दिवसांनी तुमच्या खात्यात टाकते. गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर माल परत येतो आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या माथी. नाशवंत पदार्थाला हे अजिबात चालत नाही. मध्यम तोडगा म्हणजे विसार: कुरिअरचा दोन्ही बाजूंचा खर्च भागेल एवढी रक्कम आधी यूपीआयने घ्या, उरलेली पोचल्यावर. घेणारा विसार द्यायला तयार नसेल, तर तो पार्सल घेईल याचीही खात्री नसते. पाठवण्याआधी वस्तू, वजनकाट्यावरचा आकडा आणि पत्त्याचं लेबल एकाच सलग व्हिडिओत घ्या. मध्ये व्हिडिओ थांबवला तर वादाच्या वेळी त्याची किंमत राहत नाही.

पेमेंट गेटवेच्या (विक्रेत्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) लिंकवर गिऱ्हाइकाला क्रेडिट कार्ड वापरता येतं. शुल्क साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,००० च्या साडीमागे ११८ रुपये जातात आणि हाती ४,८८२ येतात, तेही दोनेक कामाच्या दिवसांनी. इथे दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कार्डधारक ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं सांगून बँकेकडे दाद मागू शकतो, आणि आलेले पैसे तुमच्या पुढच्या रकमेतून वळते होतात. पोच मिळाल्याची सही किंवा ओटीपीची नोंद, बिल आणि संभाषण ठरलेल्या मुदतीत गेटवेला दिलं तरच बाजू टिकते. म्हणून कार्डाने पैसे देऊन ‘मी स्वतः माणूस पाठवून घेऊन जातो’ म्हणणाऱ्याला माल देताना सही घ्या. पोचवल्याचा पुरावा नसेल तर वाद हरल्यात जमा.

जाहिरातीच्या साइटचीच म्हणून कुणी पेमेंटची लिंक चॅटमध्ये पाठवली, ‘पैसे साइटकडे सुरक्षित आहेत, इथे कार्डाचा नंबर टाकला की तुमच्या खात्यात येतील’ असं सांगितलं, तर ती बंद करा. साइटची तशी सोय असेलच तर ती तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये, तुमच्या लॉगिननंतर दिसते.

दुचाकी विकताना

थोडक्यात: पैसे आयएमपीएसने, पूर्ण आल्यावर चावी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून प्रती ठेवा, आणि गाडी विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवा, मग तुमची गाडी ताडदेवची असो, अंधेरीची, वडाळ्याची किंवा बोरिवलीची. ‘थोडे आता, उरलेले नावावर झाल्यावर’ असं ठरवलं तर गाडी तुमच्या पार्किंगमध्येच राहू द्या. गाडी त्याच्या नावावर होईपर्यंत दंडाचं चलन तुमच्या नावाने येत राहतं, आणि अपघात झाला तर नोटीसही.

पैसे गेलेच तर

१९३० हा नंबर फोनमध्ये आत्ताच जतन करा. पहिला तास सगळ्यात मोलाचा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला रोखता येते. फोन लावण्याआधी हे हाताशी ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख आणि वेळ, बारा आकडी क्रमांक, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमच्या बँकेच्या हेल्पलाइनवर बसवा. मिळालेला पोचपावती क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पैसे न जाता नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीवर नोंदवता येतो. चॅट डिलीट करू नका आणि समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याच्या प्रोफाइलचा, नंबरचा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण समोरचा नंतर आपलं खातं काढून टाकू शकतो.